काळ्या दगडातले चमकते कण



हिंगोलीहून कळमनुरीकडे जा, सेनगावकडे जा, औंढ्याकडे किंवा वसमतकडे जा. वाटेत एक गोष्ट तुम्हाला सगळीकडे भेटेल. ती म्हणजे काळा दगड. रस्त्यावर टाकलेली गिट्टी याच दगडाची असते. विहीर खणताना सुरुंग लावून फोडतात तोही हाच. घरातला पाटा-वरवंटा, जुने जाते, शेताच्या बांधावर रचलेले धोंडे, औंढा नागनाथच्या प्राचीन मंदिराच्या तळभागातले कोरीव काम, या साऱ्यांत हाच काळा फत्तर आहे. आपण तो इतका पाहतो, की त्याच्याकडे पाहतच नाही. एखाद्या मुलाला काही समजले नाही तर आपण त्याला 'दगड' म्हणतो. जणू दगडाला काही सांगताच येत नाही!

पण खरे पाहता दगडाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्याची भाषा मात्र आपल्याला शिकावी लागते. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता आणि मराठीही शिकता. नवी लिपी शिकताना आधी अक्षरे ओळखावी लागतात, मग शब्द, मग वाक्ये. दगडाचेही तसेच आहे. त्याच्या लिपीतील अक्षरे म्हणजे त्याच्यातले बारीक चमकते कण. आज आपण ती अक्षरे ओळखू या.

रस्त्याच्या कामासाठी आणलेल्या गिट्टीच्या ढिगातून नुकताच फुटलेला एक तुकडा उचला. स्वतः हातोडीने दगड फोडायला जाऊ नका. कपच्या डोळ्यांत उडतात. तुकड्याची ताजी बाजू उन्हात धरा आणि हळूहळू फिरवा. काळ्या पृष्ठभागावर इथे-तिथे काहीतरी चमकेल. भिंग असेल तर आणखी चांगले. काही ठिकाणी बारीक पांढुरक्या काड्या दिसतील, काही ठिकाणी काळे-हिरवट ठिपके दिसतील. हे कण म्हणजे स्फटिक होत. तुमच्या विज्ञानाच्या उर्दू पुस्तकात स्फटिकाला 'कलम' म्हणतात. 'कलमी शोरा' हा शब्द तुम्ही ऐकला असेल; तो याच अर्थाने आला आहे. ज्या पदार्थातील अणू एका ठरावीक रचनेत, ओळीने बसलेले असतात, त्याला स्फटिक म्हणतात. मीठ, साखर, खडीसाखर म्हणजे मिसरी, तुरटी म्हणजे फिटकरी, हे सारे स्फटिकच आहेत.

येथे एक फरक लक्षात ठेवा. आपल्या भागातील काही दगडांत लहान-मोठ्या पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे, कधी गुलाबी किंवा हिरवट, फार सुंदर स्फटिक मिळतात. मुले ते गोळा करतात. गारगोट्याही अशाच पोकळ्यांतून सुटून शेतात पडलेल्या असतात. पण हे स्फटिक दगड तयार झाल्यानंतर आले. दगडात मुरलेल्या पाण्याबरोबर क्षार आले आणि ते पोकळीत साचले. ते दिसायला देखणे असले तरी ज्वालामुखीच्या आधीची हकिकत त्यांना ठाऊक नाही. ती ठाऊक आहे दगडाच्या अंगातच रुतलेल्या साध्या, बारीक कणांना. साक्षीदार निवडताना देखणा कोण हे पाहायचे नसते. घटनेच्या वेळी हजर कोण होता हे पाहायचे असते.

आता ती घटना कोणती ते पाहू.

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो ज्वालामुखीतून आला. ज्वालामुखीला उर्दूत 'आतिशफशाँ' म्हणतात. ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उडणारी आग येते. दख्खनमध्ये बहुतेक ठिकाणी तसे घडले नाही. येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस वाहू लागला. तो सपाट पसरला, थिजला. काही काळ गेला. पुन्हा भेगा उघडल्या, पुन्हा रस वाहिला. असे थरावर थर साचले. ही घटना सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर पसरलेले आहेत. सह्याद्रीत हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. पायऱ्यांसाठी स्वीडिश भाषेत जो शब्द आहे, त्यावरून या खडकांना 'डेक्कन ट्रॅप' हे नाव पडले.

हे थर सगळीकडे सारख्या जाडीचे नाहीत. सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते. पूर्वेकडे येताना ती कमी होते. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे शास्त्रज्ञांनी जमिनीत खोल छिद्र घेतले. तेथे सुमारे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. आणखी पूर्वेला, नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या बाजूला तर बेसाल्टची चादर संपते आणि तिच्याखालचा फार जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. आपला हिंगोली जिल्हा या विशाल काळ्या चादरीच्या पूर्वेकडच्या भागात येतो.

जमिनीच्या पोटात असलेल्या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. तो पृष्ठभागावर आला की त्याला लाव्हा म्हणतात. रस तोच, पण घर बदलले की नाव बदलते. बेसाल्टचा लाव्हा बाहेर येतो तेव्हा त्याचे तापमान सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असते. मात्र शिलारस खालून निघाला आणि थेट बाहेर पडला, असे नेहमी होत नाही. वाटेत तो भूकवचाच्या आत एखाद्या मोठ्या कोठारात थांबतो. तेथे तो किती काळ थांबला? तेथे त्याच्यात काय बदल झाले? आणि शेवटी तो बाहेर का पडला? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी तेथे कोणी माणूस नव्हता. पण स्फटिक होते.

स्फटिक हे कसे सांगतात हे समजायला आपण जरा स्वयंपाकघरात जाऊ. आई लोणी कढवून तूप करते. ते पातेले सावकाश गार होऊ दिले तर तूप छान रवाळ होते. त्यात दाणे दिसतात. तेच पातेले झटकन थंड केले तर तूप गुळगुळीत थिजते, दाणे दिसत नाहीत. खडीसाखर तयार करणारे कारागीर साखरेचा दाट पाक दोऱ्यांभोवती दिवसेंदिवस शांतपणे ठेवतात, म्हणून मिसरीचे खडे एवढे मोठे होतात. नियम सोपा आहे. सावकाश गार झाले तर स्फटिक मोठे, पटकन गार झाले तर स्फटिक बारीक. आणि एकदमच थंड केले तर स्फटिक तयार व्हायला वेळच मिळत नाही. काचेसारखा पदार्थ तयार होतो.

आता पुन्हा हातातल्या दगडाकडे या. समजा, तुम्हाला त्यात दोन प्रकारचे कण दिसले. थोडे मोठे, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. आणि त्यांच्या भोवती असंख्य इतके बारीक, की ते भिंगातूनही नीट सुटे दिसत नाहीत. एकाच दगडात दोन आकार कसे? कारण हा दगड दोन वेळा, दोन ठिकाणी थंड झाला. मोठे कण जमिनीखालच्या कोठारात सावकाश वाढले. मग उद्रेक झाला. रस त्या कणांना घेऊन वर आला, हवेत झपाट्याने थंड झाला आणि उरलेल्या रसाचे बारीक कण झाले. म्हणजे मोठे कण हा उद्रेकाच्या आधीचा अध्याय आहे आणि बारीक कण हा उद्रेकाच्या वेळचा. एका मुठीएवढ्या दगडात दोन्ही अध्याय एकत्र बांधलेले आहेत.

या गोष्टीचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कसाऱ्याजवळच्या थळ घाटात आणि मंचरच्या परिसरात असे काही बेसाल्टचे थर आहेत, की त्यांत पांढुरके स्फटिक तीन-तीन, चार-चार सेंटिमीटर लांबीचे असतात. काळ्या पाटीवर कोणी खडूचे तुकडे टाकावेत, तसा तो दगड दिसतो. या खनिजाचे नाव प्लॅजिओक्लेज. कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांपासून ते तयार होते. भूशास्त्रज्ञांनी या थरांचा उपयोग खुणेच्या दगडासारखा केला. सह्याद्रीतले थर एकसारखे काळे दिसतात. कोणता कोणाच्या वरचा हे ओळखणे कठीण जाते. पण हे मोठ्या स्फटिकांचे थर चटकन ओळखू येतात आणि ते थरांच्या मोठ्या गटांच्या सीमेवर सापडतात.

एवढा मोठा स्फटिक व्हायला किती काळ लागत असेल? एक हिशेब करून पाहा. इतर ज्वालामुखींच्या अभ्यासावरून शास्त्रज्ञ अनेकदा असे धरतात, की शिलारसात प्लॅजिओक्लेज वर्षाला सुमारे ०.०३ मिलिमीटर वाढतो. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आपला स्फटिक ३ सेंटिमीटर म्हणजे ३० मिलिमीटर लांब आहे. ३० ला ०.०३ ने भागा. उत्तर येते १०००. म्हणजे हा स्फटिक सुमारे हजार वर्षे शिलारसात वाढत राहिला. वाढीचा वेग दहापट कमी धरला तर काळ दहा हजार वर्षांचा होतो. उत्तर नेमके नसले तरी ते आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट सांगते. या थरांच्या आधी शिलारस कोठारात शेकडो किंवा हजारो वर्षे थांबला होता. बाहेर सर्व शांत होते, पण आत तयारी चालू होती. प्लॅजिओक्लेज वजनाला हलका असल्यामुळे हे स्फटिक कोठाराच्या वरच्या भागात गोळा झाले असावेत, असे मानले जाते.

शिलारसातून सगळी खनिजे एकाच वेळी तयार होत नाहीत. त्यांचा क्रम ठरलेला असतो. नॉर्मन बोवेन या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत भट्टीमध्ये खडक वितळवून हा क्रम शोधला आणि १९२८ मध्ये आपल्या ग्रंथात तो सविस्तर मांडला. बेसाल्टच्या रसात साधारणपणे हिरवट रंगाचे ऑलिव्हिन आधी तयार होते. रस आणखी थंड होताना पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज तयार होतात. प्लॅजिओक्लेजमध्येही रस अधिक गरम असताना कॅल्शियम जास्त असते. तो थंड होत जातो तसे सोडियम वाढत जाते. म्हणून कोणता स्फटिक आहे आणि त्यात कोणते मूलद्रव्य किती आहे हे मोजले, की तो तयार झाला तेव्हा रस किती गरम होता याचा अंदाज करता येतो. स्फटिक हा जणू कोट्यवधी वर्षे सांभाळून ठेवलेला थर्मामीटर आहे.

आणखी एक चमत्कारासारखी वाटणारी गोष्ट आहे. स्फटिक आतून बाहेर वाढतो. आधी गाभा, त्याच्यावर एक थर, त्याच्यावर दुसरा. कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर जशी वर्तुळे दिसतात, तसे हे थर असतात. झाडाच्या वर्तुळांवरून कोणत्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि कोणत्या वर्षी दुष्काळ पडला, हे कळते. स्फटिकाच्या थरांवरून शिलारसावर काय-काय प्रसंग आले, हे कळते. हे थर पाहण्यासाठी दगडाचा फक्त ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करतात. एवढा पातळ काप केला, की काळा दगडही काचेसारखा पारदर्शक होतो. तो खास सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला म्हणजे प्लॅजिओक्लेजवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात आणि पायरॉक्सिन रंगीबेरंगी दिसते.

समजा, एका स्फटिकाच्या गाभ्यात कॅल्शियम कमी आहे, पण बाहेरच्या थरात ते एकदम वाढलेले आहे. रस थंड होत असता तर उलटे व्हायला हवे होते. मग याचा अर्थ काय? याचा अर्थ असा, की कोठारातला रस थंड होत असताना खालून नवा, अधिक गरम रस येऊन त्यात मिसळला. अनेक ज्वालामुखींमध्ये उद्रेकाचे कारण हेच असते. भरलेल्या माठात वरून पाणी ओतले तर ते बाहेर सांडते. तसेच काहीसे येथे होते. शिवाय नव्या रसाच्या उष्णतेने आणि वायूंनी आतला दाब वाढतो.

फिलिपाइन्स देशातील पिनाटुबो हा ज्वालामुखी शतकानुशतके शांत होता. १५ जून १९९१ रोजी त्याचा प्रचंड स्फोट झाला. त्याच्या दगडांचा अभ्यास केल्यावर असे दिसले, की खालून आलेला गरम बेसाल्टचा रस वरच्या थंड आणि चिकट रसात मिसळला होता. त्या रसाबरोबर आलेले ऑलिव्हिनचे स्फटिक याचे साक्षीदार ठरले.

नवा रस आल्यानंतर उद्रेक किती दिवसांनी झाला, हेही स्फटिक सांगतात. ते कसे? ओल्या पांढऱ्या कापडावर हळदीची एक बारीक रेघ ओढा. सुरुवातीला तिची कडा स्पष्ट असते. थोड्या वेळाने रंग पसरतो आणि कडा पुसट होते. जितका वेळ जास्त, तितकी कडा पुसट. मध्येच कापड वाळवले तर पसरणे थांबते, आणि कडा किती पुसट झाली आहे त्यावरून किती वेळ गेला ते ओळखता येते. गरम स्फटिकात दोन थरांच्या सीमेवर मूलद्रव्यांचे अणू असेच हळूहळू पसरतात. उद्रेक होऊन रस थंड झाला, की हे पसरणे थांबते. त्या क्षणी घड्याळ बंद पडते. शास्त्रज्ञ ती पुसट कडा मोजतात आणि नवा रस आल्यापासून उद्रेकापर्यंतचा काळ काढतात.

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात इराझू नावाचा ज्वालामुखी आहे. तो १९६३ ते १९६५ या काळात धुमसत होता. त्याच्या ऑलिव्हिन स्फटिकांतील निकेल या धातूचे थर मोजण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून असे दिसले, की तेथे सुमारे ३५ किलोमीटर खोलीवरून रस अवघ्या काही महिन्यांत वर आला होता. अमेरिकेतील सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा १८ मे १९८० रोजी मोठा स्फोट झाला आणि त्यात ५७ माणसे दगावली. त्यानंतर १९८६ पर्यंत तेथे लहान-मोठे उद्रेक होत राहिले. त्यांतल्या स्फटिकांच्या कडा मोजून २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले, की ज्या काळात स्फटिकांवर नवे थर चढले, त्याच काळात भूकंपाचे धक्के आणि वायूंचे प्रमाणही वाढले होते. म्हणजे वर यंत्रांनी जे नोंदवले, तेच खाली स्फटिकांनीही नोंदवून ठेवले होते. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली.

तुम्ही विचाराल, "सर, उद्रेक झाल्यानंतर दगड वाचून काय उपयोग? आग तर लागून गेली!" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे, की बरेच ज्वालामुखी पुन:पुन्हा जागे होतात. मागच्या वेळी नवा रस आल्यानंतर उद्रेकाला काही महिने लागले होते की काही दिवस, हे ठाऊक असेल तर पुढच्या वेळी लोकांना हलवायला किती वेळ हाती आहे, याचा अंदाज बांधता येतो. पिनाटुबोच्या वेळी शास्त्रज्ञांनी धोका ओळखला, लोकांना वेळेवर हलवण्यात आले आणि हजारो प्राण वाचले. याउलट १९८५ मध्ये कोलंबिया देशात नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीच्या वेळी धोक्याच्या सूचना असूनही माणसे वेळेत हलवली गेली नाहीत. डोंगरावरचा बर्फ वितळून चिखलाचा लोंढा आला आणि सुमारे २३ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडाची भाषा वाचणे आणि वाचलेले वेळेवर मानणे, दोन्ही गरजेचे आहे. आपल्या देशातही अंदमानच्या समुद्रात बॅरन बेटावर एक जागृत ज्वालामुखी आहे. दीर्घकाळ शांत राहिल्यानंतर तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्या बेटावर मनुष्यवस्ती नाही, हे आपले सुदैव.

आता दख्खनच्या स्फटिकांनी सांगितलेली सर्वांत मोठी बातमी ऐका. लाव्हा वाहतो तेव्हा त्याच्यातून वायू आकाशात निघून जातात. त्यात गंधकाचेही वायू असतात. दगड थिजतो तोवर वायू उडून गेलेले असतात. म्हणून दगडाकडे पाहून किती गंधक होते ते सांगता येत नाही. अत्तराची कुपी उघडी राहिली तर सुगंध उडून जातो. पण बूच घट्ट असेल तर तो आतच राहतो. कोठारात वाढणारा स्फटिक रसातला थोडासा गंधक आपल्या अंगात घेतो. कधी तर रसाचा एखादा सूक्ष्म थेंबच त्याच्या पोटात अडकतो. स्फटिक म्हणजे जणू बूच लावलेली कुपी! २०२३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसाल्टमधील पायरॉक्सिन स्फटिकांत गंधक किती आहे ते मोजले आणि त्यावरून मूळ रसातील गंधकाचे प्रमाण काढले. ते काही ठिकाणी दहा लाख भागांत १८०० भागांपर्यंत होते. एवढा गंधक आकाशात गेला तर त्याचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवतात आणि पृथ्वीवर काही काळ थंडी पसरते. दख्खनच्या उद्रेकांमुळे असे थंडीचे झटके पुन:पुन्हा आले असावेत, असे या शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे.

याच काळाच्या आसपास पृथ्वीवरून डायनासोर नाहीसे झाले. त्याच वेळी मेक्सिकोमध्ये चिक्सुलुब येथे एक महाकाय अशनी आदळली होती. मग डायनासोरांचा नाश कोणी केला? अशनीने, दख्खनच्या ज्वालामुखींनी, की दोघांनी मिळून? हे ठरवण्यासाठी दोन्ही घटनांच्या तारखा नेमक्या कळायला हव्यात. तेथेही स्फटिकच कामाला आले. दोन लाव्हा-थरांच्या मध्ये अनेकदा लालसर मातीचा पट्टा असतो. दख्खनमध्ये विहीर खणताना असे पट्टे दिसतात. त्या मातीत झिरकॉन नावाचे अतिशय बारीक स्फटिक शोधण्यात आले. झिरकॉनमध्ये थोडे युरेनियम असते आणि त्याचे ठरावीक वेगाने शिसे होत जाते. निम्म्या युरेनियमचे शिसे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. किती युरेनियम उरले आणि किती शिसे झाले हे मोजले, की स्फटिकाचे वय निघते. दुसऱ्या एका गटाने प्लॅजिओक्लेजमधील पोटॅशियम आणि आरगॉन यांच्या आधारे वय काढले. दोन्ही गटांचे अभ्यास फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात बाहेर पडला, यावर दोघांचेही एकमत आहे. मात्र सर्वांत मोठा लोंढा अशनी आदळण्याच्या आधी आला की नंतर, याबद्दल त्यांची मते वेगळी आहेत. विज्ञानात असे मतभेद होतात. तेथे आवाज चढवून कोणी जिंकत नाही; अधिक चांगला पुरावा आणणारा जिंकतो.

या वयाच्या हिशेबातून आपल्या मनातली एक भीतीही दूर होते. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. जमीन हादरली, घरांतली भांडी वाजली, माणसे बाहेर धावली. असे झाले की अफवाही धावतात. कोणी म्हणते, "खाली ज्वालामुखी जागा होतो आहे." मित्रांनो, असे कोणी म्हटले तर त्याला हातातला काळा दगड दाखवा. या दगडातले स्फटिक सांगतात, की आपल्याकडचा लाव्हा ६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. भूकवचातल्या खडकांवर ताण येतो आणि जुन्या भेगांजवळचे खडक सरकतात, तेव्हाही धक्के बसतात. प्रत्येक भूकंपामागे ज्वालामुखी नसतो. भूकंपाच्या वेळी काय करावे हे जरूर शिका: वस्तू अंगावर पडणार नाहीत अशा जागी थांबा, मजबूत टेबलाखाली बसा, धक्के थांबल्यावर शांतपणे मोकळ्या जागी जा. काळजी घ्या, पण अफवेवर विश्वास ठेवू नका.

शेवटी एक प्रयोग सांगतो. तो घरी मोठ्या माणसांच्या मदतीने करा. दोन काचेचे पेले घ्या. गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी विरघळवा आणि ते पाणी दोन्ही पेल्यांत सारखे ओता. प्रत्येकात एक दोरा सोडा. पाणी कोमट झाले, की एक पेला थंड पाण्याच्या भांड्यात ठेवा. दुसरा कापडात गुंडाळून, न हलवता, कोपऱ्यात ठेवून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही दोरे बाहेर काढून पाहा. कोणत्या दोऱ्यावरचे स्फटिक मोठे आहेत? का? वहीत नोंद करा. मग गिट्टीचा तुकडा घ्या आणि त्याच्यातले कण पुन्हा एकदा पाहा. त्यांतले कोणते कण कोठारात वाढले असतील आणि कोणते बाहेर आल्यावर, हे तुम्हीच ठरवा. आपले उत्तर शेजारी बसणाऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा. जी गोष्ट दुसऱ्याला समजावता येते, तीच आपल्याला खरी समजलेली असते.